अध्यक्षांची किटली

अध्यक्षांच्या घरातली निम्मी भांडीकुंडी पडलेल्या निवडणुकांतून आलेली होती. बादली पहिल्या निवडणुकीची, किटली दुसरीची, कंगवा तिसरीचा. आमचा पक्ष इतका लहान की त्याला स्वतःचं कायमचं चिन्ह नव्हतं. दर खेपेला निवडणुकीच्या कचेरीत जायचं, मोठ्यांनी घेऊन उरलेल्या चिन्हांची यादी असायची तिच्यातून मागायचं आणि देतील ते घेऊन यायचं. मग अध्यक्ष बाजारातून ती वस्तू खरीखुरी आणायचे, हातात धरून वस्त्यावस्त्यांतून फिरायचे, आणि पडले की तीच घरात वापरायला काढायचे. बादलीनं आंघोळ, किटलीत चहा. "अजून दोनदा पडलो की संसार पुरा होईल," म्हणायचे.

मी शिळफाट्याच्या मागच्या खदानीत दगड फोडून म्हातारा झालो. जातीनं वडार, शाळा चौथी. लिहायला बसलोय खरा, पण बसवत नाही. बायको गेल्याला वर्ष होत आलं. घरात बसलो की भिंती बघतात. उठतो, फाट्यापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा उठतो. चालताना अध्यक्ष आठवतात, कारण तेही असेच, बूड टेकायचे नाहीत. दुसरं कारण असं की बायकोला माझी एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि ती गोष्ट जगात फक्त त्यांना ठाऊक होती. तुमच्याही वस्तीत असा एखादा डोकेफोड करणारा माणूस असेल तर तुम्हाला तो ओळखू येईल.

अध्यक्ष जातीनं वैदू. बाप झाडपाला विकत फिरला, हे शाळेत शिपाई लागले. घंटा वाजवता वाजवता लिहायला शिकले, आणि एवढं चांगलं शिकले की मास्तरांचे अर्ज लिहून द्यायचे. डोक्यावर एक केस नाही. कागदावर पक्षाचं नाव लांबलचक, त्यात आमच्या सगळ्या जमाती आलेल्या. मला ते एका दमात कधी म्हणता आलं नाही. वैदू, वडार, कातकरी, ठाकर, गोसावी, दोन घरं शिकलगारांची. कुणाची पंधरा घरं, कुणाची चाळीस. एकेकाला विचारायला कोण येणार? "सुटे आहोत म्हणून चिल्लर आहोत," असं ते सांगायचे. मला तेव्हा राग यायचा. चिल्लर कुणाला म्हणतो हा?

खरं सांगतो, मला हा माणूस आधी आवडला नाही. आमची दुर्गी, माझी बायको, पाट्याला टाकी लावायला गल्लोगल्ली फिरायची. घासून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीनं बारीक टोचे मारायचे, म्हणजे वाटण परत नीट होतं. असंच एकदा अध्यक्षांच्या दारात टाकी लावायला बसली, आणि उठली ती पक्षाची सचिव होऊन. घरी येऊन मला म्हणते, "ओ, मला सही शिकायची आहे." मी म्हटलं, "त्या टकल्यानं भरवलं काय?" तर म्हणते, "त्यांनी काही भरवलं नाही. त्यांनी विचारलं, दगडावर एवढे टोचे मारता, कागदावर चार मारायला काय जातंय?" आठ दिवसांत सही शिकली. माझ्याहून चांगली करायला लागली, हे मला झोंबलं.

माणूस बसायचाच नाही. सभा असली तरी हे आपले इकडून तिकडे. बोलताना चालायचे, ऐकताना चालायचे, चहासुद्धा चालता चालता. आम्ही गोल करून बसलेलो असायचो आणि माना इकडून तिकडे फिरवून दुखायच्या. एकदा मी ओरडलो, "अध्यक्ष, बसा की हो, भोवळ आली." ते म्हणाले, "हणमंता, आपण बसलो की सरकार आपल्याला विसरतं." सगळे हसले. मीपण हसलो, म्हणजे तिथून मी त्यांचा झालो म्हणायचं.

सभेची एक रीत त्यांनी लावलेली. सुरुवातीला प्रत्येक जमातीच्या एका माणसानं आपल्या घरच्या बोलीत एक वाक्य बोलायचं. अर्थ सांगायचा नाही. बाकीच्यांनी गप ऐकायचं. मला तो आधी येडेपणा वाटायचा. कळत नाही तर ऐकायचं कशाला? वैदूंची बोली आमच्या वडारी बोलीला थोडी लागून आहे, पाणी-मीठ असले शब्द जुळतात, तेवढं कळायचं. बाकी सगळा अंधार. पण कातकऱ्यांची जनाआजी, जी कचेरीत गेली की तोंडाला पदर लावायची, ती इथं उठून आपल्या बोलीत भसाभसा बोलायची आणि खाली बसताना चारी बाजूंना बघायची. एक वाक्य म्हटलं तर म्हातारी दहा बोलायची. अध्यक्ष तेवढा वेळ जागच्या जागी उभे राहायचे. चालणं थांबायचं ते तेवढ्यापुरतंच.

कचेरीत मात्र ते मुद्दाम मध्ये जाऊन उभे राहायचे. जनाआजीच्या नातीला जातीचा दाखला पाहिजे होता. टेबलावरचा माणूस म्हणाला, आजोबाचा कागद आणा. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, हिचा आजा कोळसा पाडत रानोरान फिरला. रानात त्याला कुणी कागद दिला नाही." साहेब म्हणाला, "तुम्ही कोण?" "मी पक्षाचा अध्यक्ष." "कुठल्या पक्षाचे?" "ज्याचं नाव वाचायला तुम्हाला वेळ नाही, त्या." दुर्गी मागे उभी राहून पदरात हसत होती. दाखला मिळायला दीड वर्ष गेलं. कितीदा खेटे घातले ते विचारू नका. दुर्गी प्रत्येक खेपेला बरोबर जायची, त्या दिवशी टाकीचा धंदा बुडायचा. मी बोललो तर म्हणायची, "पाटे काय पळून जातात?"

दुसऱ्या निवडणुकीत अध्यक्ष स्वतः उभे राहिले आणि किटली मिळाली. ॲल्युमिनियमची मोठी किटली आणली. सभेला येईल त्याला तिच्यातला चहा. पडले. पण किटली राहिली. पुढची पाच वर्षं प्रत्येक बैठकीत तीच किटली, तिच्या कडेला दुर्गी, हातात कप. लोक पक्षाचं नाव विसरले आणि आम्हाला किटलीवाले म्हणायला लागले. फाट्यावरचा रिक्षावाला विचारायचा, "कुठं, किटलीवाल्यांकडे का?" मोठ्या पक्षांचे लोक पाठिंबा मागायला यायचे, त्यांनापण किटलीतला चहा. "साखर कमी आहे," अध्यक्ष सांगायचे, "मतं पण कमी आहेत. पण दोन्ही आमची आहेत." ते लोक अर्धा कप सोडून जायचे.

मग आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि अध्यक्षांनी दुर्गीचं नाव पुढं केलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "खदानीवर नळ पाहिजे का नको?" पाणी आम्ही खदानीच्या खड्ड्यातलं प्यायचो, टँकर आला तर आला. ती बाकी काहीच बोलली नाही प्रचारात, फक्त नळ. घरोघरी जाऊन पाट्यांना फुकट टाकी लावली आणि टोचे मारता मारता नळाचं सांगितलं. लोक ऐकत होते. पहिल्यांदा असं वाटत होतं की येईल बाई.

आणि चिन्हाचा घोळ झाला. किटली आम्ही मागितली, दुसऱ्या एका उमेदवारानंही मागितली. चिठ्ठी टाकली. किटली गेली एका गाळेवाल्याच्या बायकोकडे, आणि आम्हाला मिळाला कंगवा. अध्यक्ष तो कागद घेऊन वस्तीत आले तेव्हा आधी कुणाला हसावं की रडावं कळेना. मग जनाआजी त्यांच्या डोक्याकडे बघत म्हणाली, "यात काय विंचरनार तू?" सगळी वस्ती लोळली. अध्यक्षांनी खिशातून कंगवा काढला आणि टकलावरून फिरवला. म्हणाले, "हसा. हसाल तर ध्यानात राहील."

हातात दिवस थोडे. अध्यक्षांनी एक फळी घेतली, तिच्यावर आगपेट्या ओळीनं चिकटवल्या, प्रत्येक पेटीवर एक चित्र. तीच मशीन. ज्यांना नाव वाचता येत नाही त्यांना एकेक करून समोर उभं करायचे. "आजी, दाबा." आजी किटली दाबायची. "चुकलं, परत दाबा." परत किटली. "आजी, कंगवा!" "हां, कंगवा." आणि बोट किटलीवर. मी तिथं उभा राहून खिदळायचो. म्हटलं, म्हातारी माणसं, डोकं चालत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेत गेलो. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मशीनपुढे उभा राहिलो. खाली-वर बघितलं आणि किटली दिसली. बरं वाटलं. गर्दीत ओळखीचं माणूस भेटलं की वाटतं ना, तसं. दाबली. पीं वाजली. बाहेर येऊन पायरीवर आलो, उन्हात डोळे मिटले, आणि मग कळलं मी काय केलं ते. मी माझ्या बायकोच्या विरुद्ध मत देऊन आलेलो. परत आत जायला निघालो तर पोलीस म्हणाला, "काका, झालं तुमचं, निघा."

दुर्गी त्या वेळी बाहेर टेबलावर यादी घेऊन बसली होती. मला बघून हात केला. मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी अध्यक्षांना एका बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं शिव्या घालतील. ते चालायचे थांबले. "कुणाला बोललास?" "नाही." "बोलू नकोस." मी म्हटलं, "दुर्गीला सांगू नका, तुम्हाला माझी शप्पथ आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. नाही सांगत."

दुर्गी पडली. फार नाही, थोडक्यात पडली, म्हणून जास्त लागलं. किटली निवडून आली. आमच्या वस्तीच्या पेटीतून किटलीला मतं निघाली, ढीगभर. वस्ती मान खाली घालून बसली. कुणी कुणाकडे बघेना. नवरे बायकांवर ओरडत होते, पोरं आजींवर. दोन घरांत तर मारामारी व्हायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सभा बोलावली. आधी रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपल्या बोलीत एकेक वाक्य बोलायचं, तर कुणी उठेना. जनाआजीपण नाही. तेव्हा अध्यक्ष मध्ये येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. मी किटली दाबली."



"पाच वर्षं तिच्यातला चहा प्यालो," ते म्हणाले. "हात गेला. मी अध्यक्ष, मी फळी बनवली, मी शिकवलं, आणि मीच किटली दाबली. आता बोला."

जनाआजी म्हणाली, "मंग मी बी." मागून कुणीतरी, "मीपण." मग एक शिकलगार, मग दोन वैदू भाऊ. मग हसायला सुरुवात झाली आणि एकेक जण हात वर करायला लागला, जणू काही बक्षीस मिळणार होतं. दुर्गी किटलीतला चहा ओतत होती. हसत होती. म्हणाली, "मेल्यांनो, मला एवढे जण विसरलात?" मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही ओ?"

तेव्हा सांगायचं होतं. सगळी वस्ती सांगत होती, त्यात माझं एक खपून गेलं असतं. पण मी नवरा. मी म्हटलं, "मी कंगवाच दाबला."

तिनं मग कपात चहा ओतून माझ्या हातात दिला. "बरं झालं," म्हणाली. "घरातलं एक मत तरी पडलं मला."

यानंतर निवडणुका लांबतच गेल्या. खदान बंद झाली. नळ आला, पण शेजारी टॉवर उभे राहिले म्हणून आला. त्यांच्या पाइपाचा एक फाटा आम्हाला. दुर्गी म्हणायची, "आला ना? कसाही येवो." मी तिला दहा वेळा सांगायला गेलो. ती पोळ्या करत असायची, नाहीतर खोकत असायची. दगडाची धूळ आयुष्यभर गेली छातीत, ती शेवटी बोलली. इस्पितळात नळ्या लावल्या होत्या तेव्हा मी तिच्या उशाशी बसून तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, "पाणी." पाणी दिलं. मग राहूनच गेलं. दोन दिवसांनी ती गेली.

अध्यक्ष तोवर बाळकुमला मुलाकडे गेलेले. गुडघे गेले होते. दुर्गीच्या दिवसांना येता आलं नाही त्यांना. दिवस झाल्यावर मीच गेलो. दोन रिक्षा आणि एक बस. खाली वॉचमननं नाव विचारलं, कुठल्या कामाला आलाय विचारलं. म्हटलं, पक्षाच्या कामाला. सतराव्या मजल्यावर अध्यक्ष गॅलरीत खुर्चीत बसलेले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पाय मात्र हलत होते, जागच्या जागी. गॅलरीत फळी, बादली, किटली. सूनबाईंनी घरात ठेवून घेतलं नव्हतं, पण टाकूनही दिलं नव्हतं.

"खाली उतरलो तर वॉचमन विचारतो, आजोबा कुठं," ते म्हणाले. "आता कुठं म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "अध्यक्ष, तिला सांगायचं राहिलं."

"काय?"

"किटलीचं."

त्यांचे पाय थांबले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, कंगवा फिरवायचे तसा. "हणमंता," म्हणाले, "आता शप्पथ संपली म्हणायची. ती त्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आली होती. पहिल्या रांगेत मत देऊन, बूथवरून सरळ. तिनंपण किटली दाबली होती."

मला काही समजेना. "कुणी?"

"दुर्गाबाईनं. रडली नाही. मला विचारलं, अध्यक्ष, परत दाबायला देतील का? मी म्हटलं, नाही देत. तर म्हणाली, यांना सांगू नका, हे आयुष्यभर हसतील मला. तिनं शप्पथ घातली. संध्याकाळी तू आलास, तूपण घातलीस. मी कंगवाच दाबला होता रे. चिन्हाचा कागद मीच घेऊन आलेलो, मी कसा चुकेन? पण उमेदवारच चुकली हे कुणाच्या तोंडात गेलं असतं तर ती परत घराबाहेर पडली नसती. म्हणून म्हटलं, माझ्यावर येऊ दे."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? ओरडलोच. "मग मला का नाही सांगितलंत? एवढी वर्षं!"

"मला वाटलं, नवरा-बायको आहात. कधीतरी भांडाल, आणि भांडणात निघेल बाहेर," ते म्हणाले. "तुम्ही भांडलाच नाहीत."

परत येताना बसमध्ये मला जागा मिळाली तरी मी उभा राहिलो. मनात येत होतं, हा माणूस लोकांसाठी खोटं बोलणारा. माझं समाधान व्हावं म्हणून बोलला असेल. मग तिचं ते वाक्य आठवलं. घरातलं एक मत तरी पडलं. एक तरी. दोन मतं होती आमच्या घरात. तिचं स्वतःचं तिनं धरलंच नव्हतं. आमच्या घरातून तिला एकही पडलं नव्हतं, आणि ती माझ्या त्या खोट्या मतावर खूश होती. खिडकीची दांडी धरून मी हसलो का रडलो, ते शेजारच्या बाईला विचारा. तिनं मला पाणी दिलं.

अध्यक्ष दोन महिन्यांनी गेले. मुलानं फळी आणि किटली टेम्पोनं पाठवून दिली. कंगवा त्यांच्या खिशातच होता, तो त्यांच्याबरोबर गेला.

मग निवडणुका लागल्या. आता एका वॉर्डातून चार जण निवडायचे, चार बटणं दाबायची, अजून गोंधळ. जनाआजीची तीच नात उभी राहिली, जिच्या दाखल्यासाठी दीड वर्ष घातलं ती. चिन्ह मिळालं खलबत्ता. अध्यक्ष आयुष्यभर हेच मागत होते. वैदू औषध कुटतो तो, आणि वडार घडवतो तो. मागून मागून मेला माणूस, आणि खलबत्ता आता आला. सांगायला कुणी नाही.

फळी मीच घेऊन फिरतो. मला बसवत नाहीच, तर म्हटलं फिरू. आगपेट्यांवर नवी चित्रं चिकटवली, किटलीची जुनी पेटी मात्र मुद्दाम ठेवली. काल जनाआजीच्या दारात गेलो. आता तिला नीट दिसतही नाही. म्हटलं, "दाब आजी." तिनं बोट फिरवलं, फिरवलं, आणि किटलीवर ठेवलं.

सगळी पोरंटोरं हसली. म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

मी म्हटलं, "हसता काय? मीपण तीच दाबली होती. आमच्या दुर्गीच्या विरुद्ध. आणि आमच्या दुर्गीनंपण तीच दाबली होती."

पहिल्यांदा चारचौघांत बोललो. कुणी हसलं नाही. जनाआजीनं पदर खाली केला आणि मला विचारलं, "मंग आता?"

मी फळी तिच्यापुढे सरकवली.

"आता परत दाब," म्हटलं.